न विव्हळणाऱ्या जिवाचे दुखणे

गेल्या अंकात कर्करोगावरील नव्या औषधांची ओळख करून देताना, ही औषधे माणसापर्यंत येण्याआधी उंदरांवर तपासली जातात, असा एका वाक्याचा उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर विदर्भातील खेड्यापाड्यांतून बरीच पत्रे आली. बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आहे : त्या उंदरांना दुखत असेल, तर ते कोणी पाहते का, आणि कसे पाहते? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका गावची असून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात साहाय्यक म्हणून माझी निवड झाली आहे. कर्करोग असलेल्या उंदरांची रोज पाहणी करून नोंदी ठेवणे, हे माझे काम राहील. गाय हंबरते, कुत्रे केकाटते; पण उंदीर तर गुपचूप बसलेला असतो. त्याला दुखत आहे हे कशावरून ओळखावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अडचणीचे मूळ आहे. उंदीर हा साप, घुबड, मांजर अशा अनेकांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. आणि जो लंगडताना किंवा कण्हताना दिसला तो आधी पकडला गेला, असे लाखो वर्षे घडत आल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगी मुरलेले आहे. त्यातून त्याचे पुष्कळसे आवाज आपल्या कानांच्या टप्प्याबाहेरचे, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपेक्षा वरचे असतात. शिवाय तो निशाचर आहे. सकाळी दहा वाजता पिंजऱ्यात कोपऱ्यात निपचित पडलेला उंदीर आजारी असेल किंवा केवळ झोपलेला असेल. तेवढ्या पाहण्यावरून काहीही ठरत नाही. म्हणून अनेक प्राणिगृहांत उजेड आणि अंधाराचे चक्र उलटे ठेवतात आणि अंधाराच्या वेळेत मंद लाल दिव्याखाली पाहणी करतात, कारण लाल प्रकाश उंदरांना फारसा दिसत नाही.

कर्करोगाच्या वेदनेची पाहणी पद्धतशीरपणे कशी करावी, याचा एक महत्त्वाचा पाया १९९९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिक मँटी यांच्या गटाने घातला. त्यांनी उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत कर्करोगाच्या पेशी सोडल्या आणि त्या बाहेर झिरपू नयेत म्हणून हाडाचे छिद्र दातात भरतात त्या मिश्रधातूने बुजवले. गाठ हाडातच राहिल्यामुळे, दिसणारे वागणे हाडाच्या दुखण्याचेच आहे असे म्हणता येऊ लागले. सुमारे दोन आठवड्यांत हाड पोखरले जाऊ लागते आणि त्याबरोबर उंदराचे वागणे बदलते. उंदीर तो दुखरा पाय जमिनीपासून उचलून अंगाशी धरून ठेवतो, मध्येच झटकतो, चालताना त्यावर भार देत नाही, आणि निरोगी उंदराला ज्याचे काही वाटणार नाही इतक्या हलक्या स्पर्शानेही दचकतो. निरीक्षक ठरावीक वेळ, उदाहरणार्थ दोन मिनिटे, घड्याळ लावून पाय किती वेळा झटकला आणि किती वेळ उचलून धरला ते मोजतो. पायाच्या वापराला पूर्ण वापर ते अजिबात वापर नाही असे गुण देतो. आणि शेवटी त्याच हाडाचा क्ष-किरण फोटो पाहून हाडाची झीज आणि वागण्यातील बदल यांचा मेळ घालतो. हे सर्व ऐकायला सोपे वाटते, पण निरोगी उंदीरही पाय झटकतो, खाजवतो, एका पायावर तोल सावरतो. म्हणून रोग सुरू होण्याआधीच्या दिवसांतील त्याच उंदराच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय नंतरच्या नोंदींना अर्थ येत नाही. तुम्ही रुजू झाल्यावर पहिला आग्रह याच आधीच्या नोंदींसाठी धरावा, असे मी सुचवेन.

दुसरी पद्धत तुम्हाला सगळीकडे दिसेल, ती तंतूंची. मॅक्सिमिलियन फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीस माणसाच्या त्वचेची संवेदना मोजण्यासाठी घोड्याचे केस वापरले होते. आज त्या जागी ठरावीक दाबाला वाकणारे नायलॉनचे तंतू आले आहेत. उंदराला जाळीच्या तळावर ठेवून, तो जागेला सरावल्यावर खालून त्याच्या तळपायाला तंतू टेकवतात आणि कोणत्या दाबाला तो पाय मागे घेतो ते पाहतात. वेदना असलेला उंदीर कमी दाबालाच पाय मागे घेतो. तापवलेल्या पाट्यावर किंवा उष्ण किरणाखाली पाय किती सेकंदांनी उचलला जातो, हे मोजण्याची पद्धतही याच जातीची. या पद्धतींनी आकडे सुबक मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर नको इतका विश्वास टाकला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. पाय मागे घेणे ही मुख्यतः मज्जारज्जूच्या पातळीवरची झटक्यासरशी होणारी क्रिया आहे. कर्करोगाचा रुग्ण 'मला कोणी टोचले की दुखते' अशी तक्रार घेऊन येत नाही. त्याची तक्रार असते ती रात्रंदिवस ठणकणाऱ्या, झोप हिरावून घेणाऱ्या दुखण्याची. शिवाय गुंगीचे औषध दिलेला उंदीरही पाय उशिरा उचलतो, आणि मग केवळ पेंगवणारे औषध वेदनाशामक ठरण्याचा धोका राहतो.

चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत २०१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने मांडली. डोळ्यांच्या फटी आवळणे, नाकावरचा भाग फुगणे, गाल फुगणे, कान मागे वा बाजूला वळणे आणि मिशांची ठेवण बदलणे, या पाच खुणा पाहायच्या आणि प्रत्येकीला नाही, थोडी, स्पष्ट यांनुसार शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. ही पद्धत शिकायला फार वेळ लागत नाही आणि उंदराला हात लावावा लागत नाही, हे तिचे मोठे गुण आहेत. पण झोपलेल्या किंवा अंग चाटून साफ करत असलेल्या उंदराचे डोळेही बारीक होतात, म्हणून तेव्हा गुण देऊ नयेत. भुलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या उंदराचेही देऊ नयेत. शिवाय ही पद्धत प्रामुख्याने काही मिनिटे ते काही तास टिकणाऱ्या वेदनेवर बसवलेली आहे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या दुखण्यात चेहरा पुष्कळदा पूर्ववत दिसतो, आणि तेवढ्यावरून दुखणे गेले असे लिहिणे चुकीचे होईल.

मग आठवडेच्या आठवडे चालणारे दुखणे कुठे दिसते? ते उंदराने करायचे सोडून दिलेल्या गोष्टींत दिसते. उंदराला घरटे करण्याची आणि बीळ उकरण्याची ओढ उपजत असते. अंधार पडण्याच्या तासभर आधी पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाची छोटी चौकोनी वडी ठेवतात. निरोगी उंदीर सकाळपर्यंत ती पिंजून तिचे कडा उंच असलेले खोलगट घरटे करतो; दुखणाईत उंदराची वडी सकाळी जवळजवळ जशीच्या तशी सापडते. घरट्याला एक ते पाच असे गुण देतात. पऱ्हाटीच्या मुलखातल्या माणसाला कापूस नीट पिंजला गेला आहे की नाही हे सांगावे लागू नये. दुसऱ्या चाचणीत एका बाजूने बंद असलेल्या नळीत खाद्याच्या गोळ्या भरून ती पिंजऱ्यात ठेवतात. उंदीर त्या उकरून बाहेर टाकतो, आणि काही तासांनी नळीत किती वजन उरले ते तोलतात. या चाचण्या रॉबर्ट डीकन यांनी ऑक्सफर्डमध्ये मेंदूच्या विकारांच्या अभ्यासासाठी बसवल्या होत्या. वेदनेच्या पाहणीत त्या नंतर आल्या आणि मला त्या सर्वांत मोलाच्या वाटतात.

येथे एक रास्त शंका निघते. कर्करोगाने उंदीर अशक्तही होतो. मग त्याने घरटे केले नाही ते दुखण्यामुळे की अशक्तपणामुळे? याचे उत्तर वेदनाशामक देऊन मिळते. औषधाच्या योग्य मात्रेनंतर त्याच उंदराने पुन्हा उकरायला सुरुवात केली, तर त्याला थांबवणारी गोष्ट निदान काही अंशी वेदना होती. पेंगवणारे औषध पाय मागे घेणे कमी करू शकते, पण सोडून दिलेले काम पुन्हा करायला लावू शकत नाही. या चाचण्यांचे खरे बळ येथे आहे. याच विचाराची आणखी एक पद्धत ॲरिझोना विद्यापीठात फ्रँक पोरेका यांच्या गटाने २००९ साली मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, दाखवली. दोन निराळ्या दिसणाऱ्या खोल्यांपैकी एकीत वेदनाशामक मिळते हे प्राण्याला एकदा कळले, की दुखणारा प्राणी आपण होऊन त्या खोलीत जाऊन बसू लागतो. ज्याला दुखत नाही, त्याला त्या खोलीचे विशेष आकर्षण वाटत नाही. बोलता न येणाऱ्या जिवाने 'मला आराम हवा आहे' असे सांगण्याच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

रोजच्या कामाबद्दल थोडे. वजन रोज करा, पण वजनावर विसंबू नका; गाठ वाढत असते आणि तिचे वजन उंदराच्या वजनात मिळत असते, त्यामुळे अंग झडत असतानाही काटा तोच आकडा दाखवू शकतो. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय उंदीर खंगला आहे की नाही हे कळत नाही. केस विस्कटलेले आणि निस्तेज आहेत का, पाठीला कुबड आले आहे का, डोळ्यांभोवती चिकटा आहे का, सोबतच्या उंदरांपासून तो वेगळा बसतो का, हे पाहा. उंदराला शेपटीने उचलू नका. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर भेदरलेले राहतात, आणि ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले पुष्कळ शांत राहतात. भेदरलेल्या उंदराच्या वेदनेच्या नोंदी कितीही काळजीपूर्वक घेतल्या तरी त्या भरवशाच्या होत नाहीत. कोणत्या पिंजऱ्याला औषध दिले आहे हे पाहणी करणाऱ्याला ठाऊक नसावे, हा नियम पाळला जातो ना, तेही बघा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रयोग कोणत्या टप्प्यावर थांबवायचा आणि उंदराला वेदनारहित मरण द्यायचे, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले असते. वजनात सुमारे २० टक्के घट, गाठीचा ठरवून दिलेला आकार, गाठीला जखम होणे, अन्नपाण्यापर्यंत जाता न येणे, अशा त्या मर्यादा असतात. तो कागद मागून घ्या आणि जवळ ठेवा. मर्यादा ओलांडलेला उंदीर दिसला, तर सुटीच्या दिवशीही पशुवैद्यकाला कळवणे हे तुमचे कामच आहे. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील (जि. वर्धा) कास्तकार आहे. माझ्या गवळाऊ बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला होता. तो मान झटकायचा, शिंग खुंट्याला घासायचा, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त यायचे. शिंग काढावे लागले. उंदरांच्या दुखण्याचा एवढा अभ्यास होतो, तर आमच्या बैलांच्या दुखण्याचा कोणी का करत नाही?

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणे पशुवैद्यकाच्या वहीत जशी असतात तशीच आहेत. शिंगाचा कर्करोग हा प्रामुख्याने आपल्याकडील वशिंडाच्या जनावरांचा रोग आहे, गायी आणि वळूंपेक्षा तो बैलांत अधिक दिसतो, आणि कामाच्या उमेदीच्या वयात, साधारण पाच ते दहा वर्षांच्या जनावराला गाठतो. शिंगाच्या आतील पोकळीच्या अस्तरात तो सुरू होतो. ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला जोडलेली असल्यामुळे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. शिंग एका बाजूला झुकण्याच्या किंवा खिळखिळे होण्याच्या आधी, नुसते मान झटकणे आणि घासणे सुरू असताना तुम्ही जनावर दवाखान्यात नेले असेल, तर ते तुमच्या नजरेचे यश आहे.

बैलांच्या वेदनेचा अभ्यास कोणी करत नाही, असे मात्र नाही. ब्राझीलमधील बोटुकाटू येथील पशुवैद्यकांनी गुरांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी एक गुणपत्रक तयार करून २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यात चालणे, सभोवतालाकडे लक्ष असणे, हालचाल, चारा खाणे आणि इतर काही खुणा, उदाहरणार्थ दुखऱ्या जागेकडे वळून पाहणे वा ती चाटणे, यांना गुण देतात. विशेष म्हणजे ही पाहणी ज्या नेलोर जातीच्या वळूंवर झाली, ती जात आपल्या आंध्रातील ओंगोल गुरांपासून तिकडे वाढलेली आहे. तेव्हा वशिंडाच्या जनावरांना हे गुणपत्रक परके नाही. उंदरांनंतर ससा, घोडा, मेंढी यांच्यासाठीही चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे तक्ते निघाले. म्हणजे उंदराच्या अभ्यासातली पद्धत गोठ्यापर्यंत पोहोचते आहे; पण तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती अजून रोजच्या वापरात नाही, ही तुमची खंत रास्त आहे. शिंग काढल्यानंतर पुढील काही दिवस जनावर रवंथ करते का, वैरणीकडे स्वतः जाते का, जोडीदाराशेजारी उभे राहते का, याच्या नोंदी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक मागताना मेलोक्झिकॅमबद्दल विचारा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरत होती.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यात (जि. चंद्रपूर) राहतो. माझ्या घरधन्यांना खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला असून नागपूरला उपचार सुरू आहेत. ते दुखते असे कधी म्हणत नाहीत, पण जेवण टाळतात आणि बोलणे तर सोडूनच दिले आहे. या दुखण्यावर कोणी संशोधन करते का?

उत्तर : ताई, होय, करते, आणि तुम्ही तुमच्या घरात जे पाहता आहात, नेमके तेच त्या संशोधकांनी उंदरांत मोजले आहे. तोंडाच्या कर्करोगाची वेदना बहुतेकदा खाताना, गिळताना आणि बोलताना उसळते, हे रुग्णांकडून कळले होते. पण उंदराच्या जिभेवरील गाठीची वेदना तंतू टोचून मोजता येत नाही. अमेरिकेतील ब्रायन श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक साधे उपकरण प्रसिद्ध केले. उंदराला एका अरुंद नळीत सोडतात. पुढची वाट एकामागे एक अशा दोन दांड्यांनी अडवलेली असते. बाहेर पडण्यासाठी उंदीर त्या कुरतडतो, आणि दुसरी दांडी कुरतडून तोडायला किती वेळ लागला ते यंत्र आपोआप नोंदते. हे काम त्याला आधी शिकवून, निरोगी असतानाचा वेळ लिहून ठेवलेला असतो. जिभेत कर्करोग वाढू लागला की तोच उंदीर तेच काम करायला जास्त वेळ घेतो. याच वाटेने पुढे गेल्यावर दिसून आले, की तोंडातील कर्करोगाच्या पेशी काही द्रव्ये बाहेर सोडतात, त्यांत एंडोथेलिन आहे आणि प्रथिने तोडणारी विकरे आहेत, आणि ही द्रव्ये आजूबाजूच्या मज्जातंतूंना थेट चेतवतात. म्हणजे गाठ लहान असली तरी दुखणे मोठे असू शकते. 'एवढ्याशा फोडाला काय इतके दुखते' असे कोणी म्हणाले, तर ते ऐकून घेऊ नका.

हाडापर्यंत गेलेल्या कर्करोगाच्या बाबतीत तर उंदरांच्या पाहणीचा उपयोग माणसापर्यंत पोहोचला आहे. हाड पोखरण्याचे काम कर्करोगाच्या पेशींपेक्षा त्यांनी चिथावलेल्या, शरीराच्याच हाडे विरघळवणाऱ्या पेशी करतात, आणि त्यासाठी त्या आम्ल सोडतात. या पेशींना थोपवणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे प्रथिन दिल्यावर उंदरांचे पाय झटकणे आणि उचलून धरणे कमी झाले, असे २००० साली दिसले. त्याच साखळीवर काम करणारे डेनोसुमॅब हे औषध, हाडांत पसरलेल्या कर्करोगात हाडे मोडू नयेत म्हणून अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झाले आणि आज आपल्याकडेही वापरले जाते. प्रत्येक वेळी असे घडत नाही. 'सबस्टन्स पी' या वेदनेच्या संदेशवाहकाचा मार्ग अडवणाऱ्या औषधांनी उंदरांत आशा दाखवली, पण माणसांची वेदना त्यांनी कमी केली नाही. त्यांतील अप्रेपिटंट हे औषध शेवटी केमोथेरपीतील उलट्यांवर उपयोगी ठरले. वेदना मोजण्याची पद्धत अपुरी असणे हे अशा अपयशांचे एक कारण आहे, असे मला वाटते.

तुमच्यासाठी आत्ता उपयोगाचे ते सांगतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या 'दुखते का' या प्रश्नाचे उत्तर घरधन्यांवर सोपवू नका. आपल्याकडचा गडी माणूस दुखणे कबूल करत नाही. त्यांनी काय सोडले, ते तुम्ही सांगा : भाकर कधीपासून सोडली, वरणात भिजवलेला घासही कधीपासून नको म्हणतात, तोंड किती बोटे उघडते, रात्री किती वेळा उठतात, कोणत्या कुशीवर झोपत नाहीत, शेजारी आले तर बोलतात की मान हलवतात. हे लिहून न्या. वेदना आणि उपशामक उपचारांचा विभाग आहे का, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितले आहे, की कर्करोगाच्या वेदनेचे औषध दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळी द्यावे, आणि गरज असेल तेथे मॉर्फीन द्यावे. मॉर्फीन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली आपल्या अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फीनची भीती बाळगू नका. ते मागणे म्हणजे हार मानणे नव्हे. घरात दुसरे कोणी खर्रा खात असेल, तर त्याला या भेटीला सोबत न्या.

प्रश्न : मी सेवाग्रामजवळील एका गावात शिक्षक होतो. गांधीजींचा जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध होता. वेदना किती होते हे मोजण्यासाठी आधी वेदना निर्माण करायची, हे मला पटत नाही. याला कायद्याची काही मर्यादा आहे का?

उत्तर : गुरुजी, तुमचा आक्षेप कर्करोगाच्या साऱ्या प्रयोगांपेक्षा वेदनेच्या प्रयोगांना अधिक लागू पडतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतर प्रयोगांत उंदराला वेदनाशामक देता येते. वेदनेचाच अभ्यास असेल तर निदान एका गटाला ते न देता पाहावे लागते. हे कृत्य सौम्य शब्दांनी झाकता येत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने नव्या शोधासाठी व उपचारासाठी प्रयोगांना वाव ठेवला आहे, पण त्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूदही केली आहे. प्रयोग काळजीने व दयाबुद्धीने आणि शक्य तेथे भुलीखाली करावेत. बरे होताना तीव्र यातना होतील असा प्राणी शुद्धीवर येण्याआधीच मारावा. लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे घेऊ नयेत. केवळ हाताला वळण लागावे म्हणून प्रयोग करू नयेत. आणि नोंदी ठेवाव्यात, असा त्याच्या १७व्या कलमाचा रोख आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असावी लागते, तिच्यात पशुवैद्यक, संस्थेबाहेरील शास्त्रज्ञ आणि विज्ञानाबाहेरील एक समाजाभिमुख व्यक्तीही असते, आणि तिच्या मंजुरीशिवाय एकही उंदीर प्रयोगाला घेता येत नाही. या समितीसमोर येणाऱ्या प्रस्तावांना ब्रिटनमधील विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे लावली जातात : प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी नको, लागलाच तर कमीत कमी, आणि जो घेतला त्याचा त्रास कमीत कमी.

माझे मत विचारले नाही तरी सांगतो, कारण येथे मत लपवणे योग्य नाही. हाडाच्या कर्करोगाने तळमळणारा रुग्ण पाहिल्यावर मी या अभ्यासाला सरसकट नको म्हणू शकत नाही. पण कर्करोगाच्या पुष्कळ प्रयोगांत वेदना हा विषयच नसतो, केवळ गाठ वाढते की आटते एवढेच पाहायचे असते, आणि तरीही 'वेदनाशामकाचा गाठीवर परिणाम होईल' एवढे एक वाक्य लिहून ते नाकारले जाते. हे वाक्य प्रत्येक वेळी पुराव्यानिशी सिद्ध करायला लावावे, असे मी म्हणेन. आपल्यासारख्या माणसाने एखाद्या संस्थेच्या नीतिसमितीवर विज्ञानाबाहेरील सदस्य म्हणून बसावे आणि हाच प्रश्न दर बैठकीत विचारावा. त्या खुर्चीवर प्रश्न विचारणारा माणूस असणे फार गरजेचे आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेतील पांढरे उंदीर आणि आमच्या घरात, वावरात फिरणारे उंदीर एकच का? (एक विद्यार्थी, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : प्रयोगशाळेतला छोटा उंदीर घरातल्या छोट्या उंदराच्याच जातकुळीतला, पिढ्यान्पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेला आहे, त्यामुळे एका वाणाचे सारे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे असतात. काही वाण काळे, काही पांढरे. ज्या वाणात जन्मतः थायमस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी, नसते, त्याच्या अंगावर केस नसतात आणि तो माणसाच्या कर्करोगाच्या पेशींनाही परके मानत नाही, म्हणून त्या त्याच्यात वाढू शकतात. वावरातली घूस आणि शेतउंदीर या निराळ्या जाती आहेत. बाहेरचे उंदीर पकडून कोणत्याही प्रयोगाला वापरू नका. त्यांच्याकडून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग माणसाला होतात.

प्रश्न : पाहणी करणारा पुरुष आहे की स्त्री, यावर उंदराचे वागणे अवलंबून असते असे ऐकले. हे खरे आहे का? (एक प्रयोगशाळा परिचर, अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : खरे आहे. मोगिल यांच्याच प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवले, की पुरुष जवळ असताना, किंवा पुरुषाने रात्रभर घातलेला सदरा नुसता जवळ ठेवला असतानाही, उंदरांत वेदनेच्या खुणा कमी दिसतात. वेदना खरोखर कमी झालेली असते, पण ती ताणामुळे. नराच्या वासाने शरीरात जो ताण उसळतो तो काही वेळ वेदना दाबून धरतो. स्त्री निरीक्षकाने असे होत नाही. तासाभरात उंदीर त्या वासाला सरावतो आणि हा परिणाम ओसरतो.

यासाठी पुरुषांनी हे काम सोडण्याची गरज नाही. खोलीत शिरल्याबरोबर मोजायला सुरुवात करू नका. अर्धा ते एक तास तेथे शांत बसा, मग नोंद घ्या. एका प्रयोगातील सर्व गटांची पाहणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शक्यतो एकाच व्यक्तीने करावी. व्यक्ती बदलावीच लागली तर ज्या दिवशी बदलली तो दिवस, वेळ आणि नव्या निरीक्षकाचे नाव नोंदवहीत त्याच ओळीत लिहावे, म्हणजे आकडे अचानक खालीवर झाले तर त्याचे कारण शोधताना त्या दिवसापर्यंत मागे जाता येईल.